पावलाचं स्ट्रेस फ्रॅक्चर: ओळखायचं कसं आणि थांबायचं किती?

धावता_धोटा
मंडळी, जरा मदत हवीये. हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे, मागच्या काही आठवड्यांत अंतर बऱ्यापैकी वाढवलं, त्यात बूटही नवीन घेतले. आता उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मागे दुखतंय. आधी फक्त पळताना शेवटी शेवटी जाणवायचं आणि बसलं की गायब, आता नुसतं चाललं तरी कळ येते आणि संध्याकाळपर्यंत तिथे थोडी सूज पण दिसते. पडलो नाही, मुरगळला नाही, काही आपटलं नाही. एक्स-रे काढला तो नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले स्नायू दुखावलाय, क्रेप बँडेज बांधा आणि आठवडाभर पळू नका. आठवडा झाला, पण फरक शून्य. नेटवर वाचलं की स्ट्रेस फ्रॅक्चर (म्हणजे आपटून नाही, तर सततच्या भाराने हाडाला पडलेली बारीक चीर) एक्स-रेत दिसत नाही म्हणून. खरं आहे का हे? कुणाला झालंय का? काय केलंत?

खडूस_काकू
एकच विचारते. दुखतंय ती जागा एका बोटाने दाखवता येते का, की अख्खा तळहात ठेवावा लागतो?

धावता_धोटा
एका बोटाने. बरोब्बर हाडावर. तिथे दाबलं की जीव जातो, अर्धा इंच इकडेतिकडे दाबलं तर काहीच नाही.

खडूस_काकू
मग स्नायूबियू विसरा, पळणं आजच बंद, आणि परत जाऊन दाखवा.

सुसाट
अहो काकू, लगेच घाबरवू नका हो त्यांना. मला पण असं कायम होतं, पहिले दोन किलोमीटर दुखतं मग अंग तापलं की आपोआप जातं. एवढ्यातेवढ्याला थांबलं तर रेसच्या दिवशी काय करणार.

खडूस_काकू
सुसाटराव, तुमचं दुखणं पळता पळता कमी होतं आणि यांचं वाढतं, हाच तर फरक आहे ना. अंग तापल्यावर सुटणारं दुखणं बहुतेक वेळा स्नायूचं किंवा कंडराचं असतं. हाडाचं दुखणं पळताना चढत जातं, मग थांबल्यावरही रेंगाळतं आणि पुढे पुढे रात्री झोपेतसुद्धा ठणकायला लागतं.

हाडांचा_हिशेब
अस्थिरोग हेच माझं काम आहे, पण इथे बसून मी कुणाचं निदान करणार नाही. कसं ओळखतात ते मात्र सांगतो, जरा लांबेल.

हाड म्हणजे मेलेलं लाकूड नाही, ते सतत थोडं थोडं मोडून नव्याने बांधलं जात असतं. भार वाढला की शरीर आधी जुना, थकलेला भाग पोखरून काढतं, याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि मग तिथे नवीन हाड भरतं, त्याला मात्र तीन-एक महिने जातात. रस्ता दुरुस्तीसाठी खणून ठेवलाय, अजून भरलेला नाही आणि त्यावरून रोज जास्त जास्त ट्रक सोडताय, असं काहीसं होतं. म्हणूनच तक्रार नेहमी ट्रेनिंग वाढवल्यावर तीन-चार आठवड्यांनी सुरू होते आणि पेशंट म्हणतो "पण मला तर मस्त चाललं होतं".

एक्स-रेचं म्हणाल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो बहुतेक वेळा स्वच्छच येतो. चीर केसाएवढी असते, कधी चीर नसतेच, फक्त हाडाच्या आत सूज असते, जी एक्स-रेत दिसायची सोयच नाही. पुढे हाड सांधायला लागलं की त्याच्याभोवती कॅलस, म्हणजे सांधणाऱ्या नव्या हाडाचा थर धरतो, तो ढगासारखा पांढरट दिसतो, तेव्हा कळतं की अरे, इथे फ्रॅक्चर होतं. त्यामुळे पहिला एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे फ्रॅक्चर नाही असं होत नाही. एकतर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढायचा, किंवा लवकर उत्तर हवं असेल तर एमआरआय. हाडाच्या आतली सूज त्यात अगदी सुरुवातीलाच दिसते.

प्रत्येकाला एमआरआय लागतोच असं अजिबात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या बोटामागचं लांब हाड असेल (मेटाटार्सल), हाडावर नेमक्या जागी कळ असेल, आणि भार वाढवल्याचा इतिहास असेल तर फ्रॅक्चर आहे असं धरूनच उपचार सुरू केले तरी चालतात, कारण ही हाडं आपली आपण छान जुळतात. पण काही जागा अशा आहेत की तिथे शंका आली तरी थांबून बघायचं नाही, त्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, आता ओपीडी आहे.

रात्रपाळी
हे फक्त पळणाऱ्यांनाच होतं असं समजू नका कोणी. मी नर्स आहे, बारा तास उभं राहणं आणि कडक फरशीवर चालणं. माझी टाच दुखायची, सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं प्लांटर फॅशियायटिस (तळव्याखालचा पट्टा दुखावणं), टाचेखाली सिलिकॉन घाला आणि बाटली फिरवा पायाखाली. ते करून आणखीच वाढलं. शेवटी एमआरआयमध्ये टाचेच्या हाडाचं स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. डॉक्टर, दोन्हींत फरक कसा करायचा ते सांगाल का, कारण आमच्या वॉर्डातल्या निम्म्या जणींच्या टाचा दुखतात.

हाडांचा_हिशेब
चांगला प्रश्न. प्लांटर फॅशियायटिसमध्ये सकाळी उठल्यावरचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट, मग चालून चालून मोकळं होतं आणि कळ टाचेच्या तळाशी, थोडी पुढे आणि आतल्या बाजूला असते. टाचेच्या हाडाच्या फ्रॅक्चरमध्ये उलट, जेवढं चालाल तेवढं वाढतं. आणि टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून लिंबू पिळल्यासारखी दाबली तर पेशंट ओरडतो. फॅशियायटिसवाल्याला तसं दाबून फारसं काही होत नाही. एवढ्या साध्या तपासणीने बऱ्याच टाचा वेगळ्या काढता येतात. दिलासा इतकाच की टाचेचं हाड सहसा लवकर जुळतं, रक्तपुरवठा भरपूर असतो तिथे.

धावता_धोटा
एका पायावर उडी मारून बघायची टेस्ट असते ना? कुठेतरी वाचलं. करून बघू का?

खडूस_काकू
चालताना कळ येतेय म्हणता आणि वर उड्या मारून बघायच्यात? नका हो. आहे ती चीर आरपार जायची.

हाडांचा_हिशेब
काकूंशी सहमत. ती टेस्ट दुखणं अगदी सौम्य असेल तेव्हा, किंवा बरं झाल्यावर पळायला परवानगी द्यायच्या आधी, तीही समोर कोणी असताना. घरी नको. आणि ते कंप पावणारं ट्यूनिंग फोर्क हाडावर ठेवून बघतात त्याच्यावरही फार विसंबू नका, बऱ्याचदा फसवतं.

आता धोक्याच्या जागा. तीन लक्षात ठेवा.

एक, नॅव्हिक्युलर. घोट्याच्या पुढे, पावलाच्या कमानीच्या वर बसलेलं होडीच्या आकाराचं हाड. याचं दुखणं फार लबाड, नीट जागा सांगता येत नाही, पेशंट म्हणतो "मध्येच कुठेतरी दुखतं, पळालो की, दोन दिवस थांबलं की बरं वाटतं". पण पावलाच्या वरच्या बाजूला या हाडाच्या माथ्यावर अंगठ्याने दाबलं की नेमकी कळ सापडते. हाडाच्या मधल्या भागाला रक्त कमी पोचतं, म्हणून जुळायला वेळ लागतो, आणि न जुळता राहण्याचीही भीती असते. इथे चालता-फिरता विश्रांती चालत नाही, प्लास्टर आणि सहा ते आठ आठवडे पाय जमिनीला टेकवायचाच नाही, कुबड्या. चीर मोठी असली तर स्क्रू. एमआरआय आणि बरेचदा सीटीही करावा लागतो.

दोन, करंगळीमागचं लांब हाड, त्याचा घोट्याकडचा भाग. तिथेही रक्तपुरवठा तोकडा. खेळाडू असेल तर अनेकदा सुरुवातीलाच स्क्रू टाकतात, कारण नुसत्या प्लास्टरमध्ये जुळलं नाही तर महिनोनमहिने वाया जातात.

तीन, अंगठ्याखाली चवड्यात असलेली दोन मटाराएवढी हाडं, सेसमॉइड. ती मोडली तर पाऊल टाकताना अंगठा वर वळतो तिथे दुखतं, फार चिवट असतं.

बाकावरचा_बारावा
बास्केटबॉलवाले हे वाचून मान डोलावतील. याओ मिंगला २००८ साली डाव्या पावलाचं स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, ऑपरेशन झालं, मग त्याच पायाची दुखणी मागे लागली आणि २०११ मध्ये माणूस निवृत्त. केव्हिन ड्युरंटचं ते दुसऱ्या प्रकारचं, करंगळीच्या बाजूचं. २०१४ चा सीझन सुरू व्हायच्या आधी स्क्रू टाकला तरी पुरतं जुळलं नाही, पुढच्या वर्षी बोन ग्राफ्ट, म्हणजे तिथे वेगळं हाड भरण्याचं ऑपरेशन, करावं लागलं. जगातले चांगले डॉक्टर हाताशी असून ही गत, तेव्हा आपण गुपचूप ऐकावं हे बरं.

इतिहासाचा_किडा
थोडं अवांतर. हे दुखणं धावपटूंचं नाही, सैनिकांचं म्हणून आधी नोंदलं गेलं. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ मध्ये लिहून ठेवलंय की लांब कूच केल्यावर जवानांची पावलं सुजतात आणि दुखतात. बिचाऱ्याला आतलं हाड दिसायची सोय नव्हती, त्याला वाटलं कंडरांची सूज असेल. एक्स-रेचा शोध लागला १८९५ ला आणि १८९७ मध्ये श्टेकोव्ह याने सुजलेल्या पावलांचे एक्स-रे काढून दाखवलं की अहो ही तर हाडंच मोडलीयत. मार्च फ्रॅक्चर म्हणतात ते हेच. आणि वर डॉक्टरांनी करंगळीमागच्या हाडाचं लिहिलंय त्या भागातल्या फ्रॅक्चरला रॉबर्ट जोन्सचं नाव आहे, त्याने १९०२ मध्ये वर्णन केलं आणि पहिला पेशंट तो स्वतःच, नाचताना मोडलं होतं.

गिरकी
नाचताना मोडलं, वा! मी शिकवते नाच, त्यामुळे हा धागा आमच्याही कामाचा आहे. आमच्याकडे पोरींना जास्त करून दुसऱ्या बोटामागच्या हाडाच्या मुळाशी होतं, चवड्यावर उभं राहून राहून. आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. ज्या मुली बारीक राहायला कमी खातात, ज्यांची पाळी महिनोनमहिने आलेली नसते, त्यांनाच हे पुन्हा पुन्हा होतं. पाळी चुकली की "बरं झालं, कटकट गेली" म्हणतात. अगं बाई, इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं ठिसूळ होतात, विशीत म्हातारीची हाडं करून घेशील. दुसऱ्यांदा फ्रॅक्चर घेऊन आलेल्या मुलीला मी बुटाबद्दल नाही, आधी जेवणाबद्दल आणि पाळीबद्दल विचारते.

हाडांचा_हिशेब
गिरकीताई, अगदी मोलाचं लिहिलंत. आणि हे फक्त मुलींचं नाही. जेवढी ताकद खर्च होते तेवढं अन्न पोटात जात नसेल तर पुरुषांचेही हार्मोन घसरतात आणि हाडं कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं, आधी फक्त मुलींबद्दल बोललं जायचं. ज्याला दुसऱ्यांदा फ्रॅक्चर होतंय, किंवा फारसं काही न करता झालंय, त्याचं व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, थायरॉइड बघायलाच हवं आणि वय जास्त असेल तर हाडांची घनताही. बरेच दिवस स्टेरॉइड घेणारे आणि सिगारेट ओढणारे यांनाही धोका जास्त, शिवाय सिगारेटने हाड जुळायलाही उशीर होतो.

साखरझोप
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. वडिलांना बरीच वर्षं डायबेटिस आहे. डावं पाऊल सुजलंय, लालसर आहे, हात लावला तर दुसऱ्या पावलापेक्षा चक्क गरम लागतं. पण दुखत फारसं नाही म्हणतात, चालतात व्यवस्थित. घरात सगळे म्हणतायत काही नाही, जास्त चालणं झालं असेल, स्ट्रेस फ्रॅक्चर असेल तर दुखलं असतं. काय करावं? थांबावं का आठवडाभर?

हाडांचा_हिशेब
साखरझोप, थांबू नका. आज नाही तर उद्या सकाळी दाखवा आणि तोपर्यंत त्यांना त्या पायावर चालू देऊ नका. डायबेटिसमध्ये पावलाच्या नसा बधिर झालेल्या असतात, हाडं मोडली, सांधे सरकले तरी कळ जाणवत नाही, म्हणून माणूस चालत राहतो आणि पाऊल आतल्या आत ढासळत जातं. याला शार्को फूट म्हणतात. गरम, सुजलेलं, लाल आणि न दुखणारं पाऊल म्हणजे आधी तेच धरायचं, नसेल तर उत्तमच. जखम असेल तर इन्फेक्शनही बघावं लागेल. लवकर प्लास्टर घालून भार काढला तर पावलाचा आकार वाचतो, उशीर झाला तर पाऊल कायमचं वाकडं होतं आणि मग जखमा. दुखत नाही हीच इथे वाईट खूण आहे.

साखरझोप
धन्यवाद. उद्या सकाळी पहिलं हेच काम.

सुसाट
मी जरा आगाऊ बोललो वर, राहू दे. पण डॉक्टर, गोळ्यांचं काय? मी दुखलं की आयबुप्रोफेन घेऊन पळतो, सगळेच घेतात.

हाडांचा_हिशेब
गोळी घेऊन पळणं सोडा, कारण दुखणं हाच तुमच्याकडे असलेला एकमेव मीटर आहे आणि तोच तुम्ही बंद करताय. दुसरं, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे गोळ्यांनी हाड जुळायला उशीर होतो का यावर आमच्यात मतभेद आहेत, पुरावा दोन्ही बाजूंनी कच्चा आहे. मी तरी फ्रॅक्चर असेल तर पॅरासिटामॉलवर भागवतो. बर्फ पंधरा-वीस मिनिटं, कापडात गुंडाळून, पहिले काही दिवस. चोळायचं नाही, गरम शेक नाही, कोणाकडून बसवून घ्यायचं नाही, हाड जागेवरच आहे.

धावता_धोटा
अपडेट. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी हाडावर दाबून बघितलं आणि लगेच एमआरआय सांगितला. तिसऱ्या मेटाटार्सलचं स्ट्रेस फ्रॅक्चर, चीर दिसतेय आणि भोवती सूज. वॉकर बूट (पाऊल आणि घोटा हलू न देणारा कडक, उंच बूट) दिलाय, चार ते सहा आठवडे, भार टाकलेला चालेल म्हणाले बूट घालून. व्हिटॅमिन डी पण कमी निघालं, त्याचे सॅशे चालू केलेत. रेस गेली अर्थातच. आता दोन शंका, एक म्हणजे तेवढ्या काळात काहीच व्यायाम नाही का? आणि दुसरं, परत पळायला लागलो की पुन्हा होऊ नये म्हणून दर आठवड्याला दहा टक्क्यांनीच वाढवायचं असतं ना?

खडूस_काकू
चला, सापडलं एकदाचं. निदान जुळणाऱ्या हाडावर निभावलं.

पाण्यातला_पळपुटा
व्यायामाचं मी सांगतो. खोल पाण्यात कमरेला फ्लोट बांधून पळायचं, पाय तळाला लागू द्यायचे नाहीत. दिसायला वेडपट दिसतं आणि लोक बघतात, पण दम सगळा टिकतो. पोहताना भिंतीला पायाने ढकलून वळू नका एवढंच. आणि वरच्या अंगाचे व्यायाम, मांड्यांचे, पोटाचे, बसून झोपून करता येतात ते सगळे चालू ठेवा, नाहीतर बूट निघेपर्यंत पोटरीची काडी झालेली असते.

हाडांचा_हिशेब
पाण्यातलं बरोबर, फक्त तुमच्या डॉक्टरांना विचारून. नियम एकच, करताना किंवा दुसऱ्या दिवशी त्या जागी दुखलं तर ते जास्त झालं.

दहा टक्क्यांचं. तो नियम सोयीचा आहे, पण त्यामागे फार भक्कम पुरावा नाही. आठवड्याला पाच किलोमीटर पळणाऱ्याला दहा टक्के म्हणजे काहीच नाही आणि साठ पळणाऱ्याला सहा किलोमीटर एकदम जास्त होऊ शकतात. शिवाय किलोमीटर तेवढेच ठेवून वेग वाढवला, चढ घेतला, बूट बदलला, तरी हाडाला तो नवाच भार असतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. विशेषतः जाड तळाच्या बुटांतून एकदम पातळ तळाच्या बुटांत गेलात तर पावलाच्या हाडांत सूज येते, हे एमआरआयवर दिसलेलं आहे. तुमच्या बाबतीत अंतर आणि बूट दोन्ही एकाच वेळी बदललं असं पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय.

परत येताना क्रम असा: आधी दाबलं तर दुखता कामा नये, मग वॉकर बूट काढून साध्या कडक तळाच्या शूजमध्ये चालणं, अर्धा-पाऊण तास भरभर चालून अजिबात न दुखणं, मग एका पायावर उड्या (हो, आता चालतील), आणि मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं असं, एक दिवसाआड. मध्ये कुठेही जुन्या जागी कळ आली की एक पायरी मागे. कॅलेंडर बघून पळायला सुरुवात करणारे लोक माझ्याकडे पुन्हा येतात.

रात्रपाळी
वॉकर बूटवाल्यांना एक सूचना, मला कोणी सांगितलं नव्हतं. तो बूट उंच असतो, दुसऱ्या पायात सपाट चप्पल असेल तर कंबर तिरकी होते आणि चार दिवसांत पाठ धरते. दुसऱ्या पायात जाड तळाचा बूट घाला, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. आणि रात्री झोपताना काढायचा की नाही ते विचारून घ्या, माझा काढायला सांगितला होता.

धावता_धोटा
अरे देवा, म्हणूनच कालपासून डावी कंबर दुखतेय! आज बघतो कुठला जाड बूट सापडतो ते. गाडी चालवली तर चालते का हो हा बूट घालून?

खडूस_काकू
उजवा पाय ना तुमचा? ब्रेकवर तो ठोकळा कसा दाबणार? बसा शेजारच्या सीटवर गप.

साखरझोप
वडिलांचं कळवते. शार्कोच निघालं, सुरुवातीचं आहे म्हणाले. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलंय, तो पाय टेकवायचा नाही असं सांगितलंय, दर आठवड्याला बदलायचं. ते अजूनही म्हणतायत की मला काही झालेलंच नाही, चालू द्या. त्यांना एका जागी बसवून कसं ठेवायचं, कोणाला अनुभव असेल तर सांगा.

रात्रपाळी
साखरझोप, व्हीलचेअर भाड्याने आणा आधी, "बसा" म्हणण्यापेक्षा "यात फिरा" म्हटलेलं ऐकतात. प्लास्टर ओलं होऊ देऊ नका, वास आला, ताप आला किंवा बोटं काळीनिळी दिसली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. दुसऱ्या पायाचा तळवा पण रोज रात्री बघा, आता सगळा भार त्यावर येतोय आणि तोही तितकाच बधिर असणार.